एका शब्दासाठी उघडलेले दप्तर

सप्टेंबर २०२३ नंतरच्या काही महिन्यांत मराठवाड्यातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये जे घडले, ते त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत घडले नव्हते. तहसिलीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, गळक्या खोल्यांत पडून असलेली दप्तरे बाहेर निघाली. लाल कापडाच्या गाठी सुटल्या. तलाठी, शिक्षक, कारकून रात्रीचा दिवस करून पाने उलटू लागले. उर्दू वाचणारे कुणी निवृत्त गुरुजी हयात आहेत का, मोडी जाणणारा कुणी उरला आहे का, याची गावोगाव चौकशी सुरू झाली. एरवी जुनी नक्कल मागायला गेलेल्या शेतकऱ्याला ‘अभिलेख जीर्ण आहे, उपलब्ध नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर मिळत असे. तोच जीर्ण अभिलेख आता उपलब्ध झाला, इतकेच नव्हे तर संगणकाच्या पडद्यावर दिसू लागला.

कारण सर्वांना ठाऊक आहे. अंतरवाली सराटीच्या उपोषणाने मराठा आरक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन कागदांत मराठा कुटुंबांची नोंद ‘कुणबी’ अशी कुठे कुठे सापडते, ते पाहायचे होते. ऑक्टोबरअखेर मुख्यमंत्र्यांनी आकडा जाहीर केला. सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या, त्यांपैकी ११ हजार ५३० ठिकाणी तो शब्द मिळाला. मराठवाड्यातले पहिले प्रमाणपत्र दिले गेले ते आपल्याच धाराशिव जिल्ह्यात. पुढे समितीची कक्षा राज्यभर वाढली आणि सापडलेल्या नोंदींची संख्या ५४ लाखांच्या वर गेल्याचे सांगण्यात आले. याच ओघात शासनाने आणखी एक निर्णय घेतला. उर्दू आणि मोडी कागदांचे भाषांतर व संगणकीकरण करून ते सर्वांना पाहता येतील असे खुले करायचे. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय नोंदी येऊ लागल्या.

आरक्षण कुणाला असावे आणि कुणाला नसावे, हे सांगण्यासाठी हा लेख नाही. तो वाद रस्त्यावर, विधिमंडळात आणि न्यायालयात लढला जातो आहे. त्यात प्रमाणपत्राच्या आशेवर असलेल्या पोराची चिंता खरी आहे आणि आपल्या वाट्याला कात्री लागेल ही इतर मागासवर्गीयांची भीतीही खोटी नाही. मला बोलायचे आहे ते त्या दप्तराबद्दल. राज्याचे ऐतिहासिक कागद लोकशिक्षणासाठी खुले करावेत, ही मागणी इतिहासाचे अभ्यासक दोन-तीन पिढ्या करीत आले. त्यांना कुणी भीक घातली नाही. एका आंदोलनाने ते दार उघडले. पण उघडले ते कशासाठी, आणि त्यातून आपण नेमके काय बाहेर आणले, याचा हिशेब मांडायला हवा.

तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे हिशेबाची मला सवय आहे. बँकेत एखादे खाते शोधण्यासाठी लेजर उलटणे निराळे आणि लेजर वाचणे निराळे. पहिले काम कुणीही कारकून पाच मिनिटांत करतो. दुसरे काम तपासनीस करतो, त्याला आठवडा लागतो, आणि तो उठतो तेव्हा गावात कुणाची गाय मेली, कुणाच्या घरी लग्न झाले, कुणाची विहीर आटली, हे सारे त्याला कळलेले असते. पावणेदोन कोटी नोंदी आपण वाचल्या, असा आपला समज झाला आहे. आपण त्या उलटल्या. त्यांत एक शब्द शोधला. तो मिळाला तिथे खूण केली, मिळाला नाही तिथे पान मिटवले.

तपासायच्या कागदांची यादी डोळ्यांखालून घातली, तर आपण काय मिटवले ते ध्यानात येते. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, शेतवार पत्रक, वसूल-बाकी, जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, खरेदीखते, इसारपावत्या, बटाईपत्रके, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे, अबकारी परवाने, पोलिसांची गाववार पुस्तके, तुरुंगाची कैदी-रजिस्टरे. एखाद्या जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहायचा म्हटला, तर याहून समृद्ध साधन मागूनही मिळणार नाही. कोणत्या साली कोणत्या गावात किती मुली शाळेत घातल्या गेल्या, किती महिन्यांनी काढल्या गेल्या, कोणत्या दुष्काळानंतर खरेदीखतांचा पूर आला आणि जमीन कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, बटाईने कसणारा पुढे कुळ म्हणून नोंदला गेला की हुसकला गेला, या सर्वांची उत्तरे त्या पानांत आहेत. ती कुणी विचारलीच नाहीत.

एक उदाहरण देतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदी विचारात घेण्याचा निर्णय काढला. तेव्हापासून ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द पारावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.त सर्वत्र ऐकू येतो. यात दोन गोष्टींची गल्लत होते. गॅझेट म्हणजे राजपत्र, सरकारी हुकूम छापण्याचे पत्रक. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ, आपले सरकार ज्याला दर्शनिका म्हणते तो. हैदराबाद संस्थानचा असा ग्रंथ १९०९ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. त्यात उस्मानाबाद जिल्ह्याच्या प्रकरणात मराठा कुणब्यांची संख्या २ लाख ५ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ३८ टक्क्यांहून अधिक, अशी दिली आहे. हा आकडा आज सर्वतोमुखी आहे. पण गॅझेटियरमध्ये माणसांची संख्या असते, नावे नसतात. कुणाचा आजोबा त्या दोन लाखांत होता, हे ते पुस्तक सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा गावच्या कागदाकडेच जावे लागते, आणि म्हणूनच त्या निर्णयात ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरच्या समितीची तरतूद करावी लागली.

आता त्याच प्रकरणातला दुसरा आकडा पाहा. १८९१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ४९ हजार होती. १९०१ मध्ये ती ५ लाख ३५ हजार झाली. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे उणी. त्याचे कारण १८९९-१९०० चा दुष्काळ. घरटी एक माणूस गेले असेल किंवा घरेच्या घरे उठून परमुलखात गेली असतील. ज्या पुस्तकातल्या एका आकड्यासाठी आपण मुंबईचे रस्ते अडवले, त्याच पुस्तकात आपल्या पणजोबांच्या पिढीच्या मरणाची ही नोंद आहे. ती कोणत्याही फलकावर आली नाही, कोणत्याही भाषणात आली नाही, जिल्ह्यातल्या शाळांतही ती कुणी शिकवीत नाही. एका शब्दासाठी उघडलेल्या दप्तराचे हे असे होते.

आपल्या जिल्ह्याचे दप्तर मुळातच विखुरलेले आहे, हीही अडचण आहे. पलीकडे बार्शी बघा. धाराशिवहून तासाभराच्या अंतरावर आहे, पण ती इंग्रजी अमलात होती. त्यामुळे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर १८८४ सालीच मुंबई इलाख्याच्या मालिकेत छापून झाले, त्यात बार्शीचा बाजार आणि पिके तपशीलवार आली. आपण निजामाच्या राज्यात. आपला स्वतंत्र जिल्हा गॅझेटियर ग्रंथ निघाला तो १९७२ साली. तो आज महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या मागची मूळ साधने कुठे आहेत? विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्ह्याचे नाव होते नळदुर्ग. १८५३ च्या तहाने धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. मधल्या काळात मेडोज टेलर नळदुर्गला राहून कारभार पाहत होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. त्याने इथे जमिनीची पाहणी केली. तेवढ्या सात वर्षांचे कागद इंग्रजी. त्याच्या आधीचे आणि नंतरचे फारसी, उर्दू आणि मोडी. जिल्ह्याचा काही भाग निजामाच्या खासगी मालकीचा, सर्फ-ए-खास. काही गावे जहागिरींची. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या, आणि त्यांचे कागद कुठे वाड्यांत राहिले, कुठे रद्दीत गेले. १९५६ मध्ये आपण हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला. प्रत्येक फाळणीत दप्तराच्या गाड्या भरल्या गेल्या. संस्थानचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेत, आजच्या तेलंगण राज्याच्या अभिलेखागारात आहे. त्यातला फार मोठा भाग फारसी आणि उर्दू आहे. शिंदे समितीलाही तिथे जावे लागले.

त्यात आता नावाचा घोळ. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. पण संगणकात ‘धाराशिव’ असे लिहून शोध घेणाऱ्या मुलाला शंभर-सव्वाशे वर्षांचे कागद दिसणारच नाहीत, कारण ते ‘उस्मानाबाद’ या नावाखाली असतील. त्याआधीचे ‘नळदुर्ग’खाली, आणि इंग्रजी कागदांत ‘धारासेव’ असे काहीतरी. सर्व नावे एकमेकांशी जोडणारी सूची ज्याने केली नाही, त्याने कागद खुले केले असे मी म्हणणार नाही.

प्रकाशित करणे म्हणजे काय, याचा धडा महाराष्ट्राला नव्याने शिकण्याचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात पस्तीस-चाळीस हजार रुमाल आहेत. इंग्रजांनी ते आपल्या इनामांच्या चौकशीसाठी सांभाळले. तेव्हाही एका कारणासाठीच दप्तर उघडले जात होते, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तिथे सहजी प्रवेश नव्हता. म्हणून वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून खासगी घरांतली कागदपत्रे गोळा करीत राहिले आणि १८९८ पासून त्यांनी साधनांचे २२ खंड छापले. पुढे सरकारने गो. स. सरदेसायांकडे पेशवे दप्तराचे काम सोपवले आणि १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग बाहेर आले. सरदेसायांनी काय केले? रुमाल उघडून लोकांसमोर ओतले नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी मोडी वाचले, बाळबोधीत उतरवले, तारखा लावल्या, विषयवार मांडणी केली. म्हणून मोडीचा गंधही नसलेला शिक्षक ते भाग हातात घेऊन पानिपतावर बोलू शकला. निवडीबद्दल वाद झाले, होणारच. पण वाद घालण्याइतपत तरी ते लोकांच्या हाती आले.

आपल्या भागाचेच उदाहरण घ्यायचे तर सेतुमाधवराव पगडींचे. जन्म निलंग्याचा, नोकरी निजामाच्या राज्यात, फारसी-उर्दूवर प्रभुत्व. त्यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली. पुढे ते महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे संपादक झाले. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या, त्यातून संग्रहालय उभे राहिले. मातीतला हस्तिदंताचा तुकडा आणि काचेच्या कपाटातला, खाली चिठ्ठी लावलेला तोच तुकडा यांत जो फरक आहे, तोच स्कॅन केलेले पान आणि वाचून दिलेले पान यांत आहे.

वाचून देण्याचे मोल मला १९९३ साली कळले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यात सास्तूर परिसरातल्या गावांनी त्याचा मार खाल्ला. दोन्ही जिल्हे मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मी त्या वेळी जवळच्याच एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. दगडमातीच्या घरांबरोबर पेट्या, पासबुके, सातबारे, सारेच गाडले गेले होते. महिन्याभराने माणसे येऊ लागली. एक बाई आली. नवरा आणि सासरा दोघे गेलेले. आपल्या घराचे बँकेत काही आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हते. आम्ही लेजर काढले, सह्या-अंगठ्यांची कार्डे काढली आणि तिच्यासमोर ओळीने वाचत गेलो. नवऱ्याच्या नावावर थोडी ठेव होती आणि वारस म्हणून तिचेच नाव लावलेले होते. रक्कम मोठी नव्हती. आपले नाव नवऱ्याने कुठेतरी लिहून ठेवले होते, हे ऐकताना तिने ते दोनदा वाचायला लावले. लेजर तिच्यापुढे नुसते उघडून ठेवले असते तर तिला काय कळले असते? ते वाचणारा कुणीतरी समोर बसणे, यालाच मी अभिलेख खुला करणे म्हणतो.

संकेतस्थळावर चढवलेले पान आज त्या बाईपुढे उघडून ठेवलेल्या लेजरसारखे आहे. त्यावर शिकस्ता उर्दू असते. साधी उर्दू येणाऱ्यालाही ती लागत नाही. किंवा मोडी असते, एका घसाऱ्यात ओढलेली. तारीख असते १३१० फसली. हैदराबादी फसलीत ५९०-५९१ मिळवले की इसवी सन येतो, हे किती पदवीधरांना माहीत आहे? महिना असतो आजर किंवा बहमन. रक्कम असते हाली रुपयांत. शंभर कलदार म्हणजे ११६ हाली रुपये १० आणे ८ पै, हा हिशेब विसरून एखाद्याने जुन्या सावकारी कर्जाचा आकडा वाचला तर त्याचे अनुमानच चुकेल. जमिनीचा शेरा असतो मदतमाश, खिदमतमाश, मुंतखब. या शब्दांवर आजही आपल्या जिल्ह्यात वर्ग दोनच्या जमिनींचे भवितव्य अडकलेले आहे. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याखालचे ‘संरक्षित कुळ’ कोण, हे त्याच रजिस्टरांत आहे. म्हणजे ज्यांना जातीच्या नोंदीशी काही कर्तव्य नाही, त्यांचीही भाकरी या पानांवर आहे.

पूर्वी गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी असे. त्याला लिहिता-वाचता येई, इतरांना येत नसे, आणि या एका फरकावर त्याची सत्ता चाले. शेतकऱ्याने किती सारा भरला हे शेतकऱ्याला ठाऊक नसे, कुळकर्ण्याला असे. वतने गेली, कुळकर्णी गेला, आपण त्याच्या नावाने बोटे मोडून मोकळे झालो. आता कागद संकेतस्थळावर आहेत आणि तहसिलीच्या फाटकासमोर टेबल टाकून बसलेला माणूस ते काढून देतो, वाचून देतो आणि अर्थ सांगतो. अर्थ बरोबर की चूक, हे पडताळण्याचे साधन गिऱ्हाइकाकडे नाही. दप्तर जगाला दिसले तरी वाचणारा एकच उरला, तर कुळकर्णी फक्त जागा बदलून बसला म्हणायचा.

मग सरसकट सगळे खुले करावे का? इथे मी थोडा थबकतो. यादीत पोलिसांची पुस्तके आणि कैद्यांची रजिस्टरे आहेत, हे वर सांगितले. १९३० साली कुण्या आजोबांना चोरीच्या संशयावरून धरले होते, ही गोष्ट नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी उपयोगी पडेलही. पण तेच पान गावातल्या भाऊबंदाच्या हाती पडले तर? ज्या जमातींवर इंग्रजांनी आणि संस्थानाने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांची नावे जशीच्या तशी पडद्यावर टाकणे म्हणजे तो शिक्का पुन्हा मारणे होय. इतर देशांनी यावर काळाची मर्यादा घातली आहे. अमेरिका शिरगणतीतली माणसांची नावे ७२ वर्षांनी खुली करते. १९५० ची यादी १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली, आणि यंत्राने वाचलेली नावे दुरुस्त करायला सामान्य नागरिकांना बोलावले गेले. इंग्लंडने शंभर वर्षे थांबून १९२१ ची यादी २०२२ मध्ये खुली केली. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने शिरगणतीचे व्यक्तिगत कागद बंदच आहेत. पण महसूल, पोलीस, शाळा यांच्या कागदांना कोणती मर्यादा, हे ठरवून मग ते चढवावेत, हा क्रम हवा. केंद्राचा १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा हाताशी आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ पासून ‘अभिलेख पटल’ चालवून रीतही घालून दिली आहे. घाईत चढवलेले पान पुन्हा उतरवता येते, पण ज्याने ते पाहिले त्याच्या डोक्यातून ते उतरत नाही.

मात्र ही सावधगिरी व्यक्तीच्या अब्रूसाठी असावी, राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी नव्हे. सोयीचे कागद खुले करायचे आणि गैरसोयीचे गुंडाळून ठेवायचे, हे लोकशिक्षण नाही. १९४८ घ्या. रझाकारांनी या जिल्ह्यात जे अत्याचार केले, ज्या गावांनी त्यांच्याशी झुंज दिली, बार्शीच्या हद्दीतल्या कॅम्पांतून जे लढले, त्यांच्या हकिगती आपण दर १७ सप्टेंबरला सांगतो आणि सांगायलाच हव्यात. पण पोलीस कारवाईनंतर काय घडले, हे पाहायला भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत गुलबर्गा, बिदर, नांदेड यांच्यासह उस्मानाबाद आहे. मेलेले बहुसंख्य मुसलमान होते. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहता येऊ लागला तेव्हा २०१३ साल उजाडले होते. पासष्ट वर्षे एक पिढी कुजबुजत राहिली आणि पुढच्या पिढीला काहीच कळले नाही. एक अत्याचार लिहिल्याने दुसरा पुसला जात नाही, हे समजण्याइतके आपण आता प्रौढ झालो असू, अशी माझी अपेक्षा आहे. दोन्हींचे कागद एकाच ठिकाणी ठेवावेत, शेजारीशेजारी.

आणखी एक गोष्ट कागदाच्या भक्ताने विसरू नये. दप्तर मुळात साऱ्यासाठी ठेवले गेले. ज्याच्याकडून सारा यायचा त्याचे नाव आले. ज्याच्याकडे जमीन नव्हती, जो सालगडी होता, जो गावकुसाबाहेर होता, जी बाई होती, त्यांची नावे खासऱ्यात कशी येणार? ‘नोंद दाखवा’ असे आज आपण सहज म्हणतो. ज्यांची नोंद घेणेच कुणाला जरुरीचे वाटले नाही, त्यांनी काय दाखवायचे? भटक्यांच्या पालांवर जाऊन पाहा, म्हणजे या प्रश्नाची धार कळेल. कादंबरी लिहिताना मला अशीच माणसे हवी असतात आणि ती दप्तरात भेटत नाहीत. भेटलीच तर कैद्यांच्या रजिस्टरात किंवा गाव नमुना चौदामध्ये, मृत्यूच्या रकान्यात. म्हणून कागदांबरोबर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी आठवणीही नोंदवून त्याच संकेतस्थळावर ठेवल्या पाहिजेत. मुक्तिसंग्राम पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

काय करता येईल, हे सांगितल्याशिवाय थांबणे बरे नव्हे. पहिले, शब्द शोधण्यासाठी स्कॅन केलेली पाने आता वाचण्यासाठी पुन्हा हाती घ्यावीत. सगळी नव्हे. प्रत्येक तालुक्यातले एकच गाव निवडावे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी, अशी आठ गावे. त्या गावांचे जेवढे कागद आहेत तेवढे सारे बाळबोधीत उतरवून, फसली सनासमोर इसवी सन आणि हालीसमोर कलदार लिहून, मूळ पानाच्या शेजारी ठेवावेत. दुसरे, समितीच्या कामासाठी ज्यांनी मोडी आणि उर्दूचे डोळे तयार केले, त्यांना घरी न पाठवता जिल्ह्यात शिकवायला बसवावे. तिसरे, सर्व जुन्या-नव्या नावांची सूची करावी. चौथे, भाषांतरातली चूक दाखवण्याची सोय प्रत्येक पानाखाली असावी आणि चूक कुणी, केव्हा दुरुस्त केली ते तिथेच दिसावे. बँकेत खोडलेल्या आकड्यावर सही करावी लागते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय मूळ कागद जपावेत. स्कॅन झाले म्हणून पोते रद्दीत, असे होता कामा नये, कारण उद्या खोट्या नोंदीचा वाद न्यायालयात गेला तर न्यायाधीश शाई आणि कागद मागतील, पडदा नव्हे.

याला खर्च किती? प्रमाणपत्रांच्या कामावर जेवढी माणसे लागली, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात हे आठ गावांचे काम होईल, असा माझा अंदाज आहे. आठवीचा मुलगा आपल्या तालुक्यातल्या एका गावाचे १९५४-५५ चे खासरा पत्रक वर्गात उघडेल, त्यात कुणाचे शेत किती होते ते वाचेल आणि गुरुजींना विचारेल, ‘सर, या पानावर आमच्या वस्तीतलं एकही नाव का नाही?’ गुरुजींना उत्तर देणे अवघड जाईल. पण तो प्रश्न वर्गात निघाला, की दप्तर खऱ्या अर्थाने लोकांचे झाले असे समजावे. तोवर ते सरकारचेच आहे, फक्त कपाटातून पडद्यावर आलेले.